ग्लिया कल्चरला पहिल्यांदा हात घालताना

ग्लिया (मेंदूतल्या न्यूरॉनखेरीजच्या पेशी) म्हणजे न्यूरॉनच्या मधला भराव, हे जुनं मत लॅबच्या दाराबाहेर ठेवा. अ‍ॅस्ट्रोसाइट सायनॅप्सजवळचं (दोन न्यूरॉनच्या सांध्याजवळचं) ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन आणि जादा पोटॅशियम उचलतात, ऑलिगोडेंड्रोसाइट अ‍ॅक्झॉनवर (न्यूरॉनच्या लांब तंतूवर) मायलिनचं वेष्टण चढवतात, मायक्रोग्लिया मेलेल्या पेशी गिळतात. या पेशी एकाच फ्लास्कमध्ये वाढवून वेगळ्या करण्याची मॅकार्थी–द व्हेलिस पद्धत १९८० सालची, पण नवख्याच्या हाती अजूनही बहुधा हीच पडते.

प्राणी नीतिसमितीची मंजुरी हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नये. रॅटची १–२ दिवसांची पिल्लं घेतात. कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) बर्फावरच्या बफरमध्ये ठेवून स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली मेनिंजेस, म्हणजे त्यावरचं आवरण, सोला. खरी परीक्षा इथेच. लालसर रक्तवाहिन्यांचं ते पातळ आवरण बारीक चिमट्याने कडेला धरून सावकाश ओढलं की सलग निघतं. घाई केली की तुकडे राहतात. त्यातले फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या पेशी) आठवड्याभरात फ्लास्क बळकावतात. लांबट पेशींचे भोवरे दिसले तर तो फ्लास्क सरळ टाकून द्यावा, वाचवायच्या फंदात पडू नये.

मग पेशी सुट्या करायला ०.२५ टक्के ट्रिप्सिन हे एन्झाइम, ३७ अंशांवर १०–१५ मिनिटं. जास्त ठेवलं तर फुटलेल्या पेशींचा डीएनए बाहेर येऊन चिकट तारा होतात. तेव्हा डीएनए तोडणारं डीएनेज लागतं. मग पेशी चिकटाव्यात म्हणून पॉली-डी-लायसीन लावलेला टी-७५ (७५ चौ. सेंमी तळाचा) फ्लास्क, डीएमईएम हा पोषक द्राव (मीडिया) आणि १० टक्के सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव). दुसऱ्या दिवशी मीडिया बदला, पुढे दर तीन दिवसांनी.

७–१० दिवसांत खाली अ‍ॅस्ट्रोसाइटचा सलग थर आणि वर गोल, चकाकत्या पेशी दिसतात. या वरच्या पेशींची पकड सैल, म्हणून शेकर. आधी १८०–२०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) तासभर: मायक्रोग्लिया सुटतात. मीडिया बदलून २०० ते २५० वर रात्रभर: ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वपेशी. शेकरमध्ये कार्बन डायऑक्साइड नसेल तर झाकण घट्ट बंद करा, नाहीतर मीडिया जांभळट होतो आणि सकाळी मेलेल्या पेशी हाती येतात. सुटलेल्या पूर्वपेशी अर्धा तास साध्या पेट्री डिशमध्ये ठेवल्या की उरलेल्या मायक्रोग्लिया तळाला चिकटतात.

शुद्धता जीफॅप (अ‍ॅस्ट्रोसाइट), इबा-१ (मायक्रोग्लिया) आणि ऑलिग-२ (ऑलिगोडेंड्रोसाइट व पूर्वपेशी) ही तिन्ही ओळखप्रथिनं रंगवून तपासा. एकट्या जीफॅपवर भागवणं आम्हाला पटत नाही. आणि सीरममधले अ‍ॅस्ट्रोसाइट चपटे, बहुकोनी असतात, मेंदूतल्यासारखे ताराकृती नव्हेत. निरोगी मेंदूत रक्त-मेंदू अडसर सीरम अडवतो, इथे हे अ‍ॅस्ट्रोसाइट सीरममध्येच वाढलेले असतात. त्यामुळे त्यांना ‘शांत’ अ‍ॅस्ट्रोसाइट समजून निष्कर्ष काढू नका.