खुंट्या मधल्या सांध्यावर ठोका

कॉपी कार्व्हर (साच्यावर टोक फिरवलं की तोच आकार राऊटरच्या फिरत्या पात्याने लाकडात कोरणारं मशीन) घेतला की तबल्या आपोआप निघतात असं कोणी सांगितलं, तर त्याचा चहा प्या आणि घरी या. (आर्चटॉप म्हणजे कोरून फुगवलेल्या फळीची गिटार; तिच्या वरच्या फळीला मी तबलीच म्हणतो. मिरजेच्या सतारवाल्यांचा शब्द आहे, आपल्याला चालतो.) मशीन भुस्सा पाडतं, बस. तुमची चूक असेल तर तीही न थकता कापतं.

साचा कसा बांधायचा वगैरे तुम्हाला येतं असं धरतो. साच्यावर फिरणारं टोक आणि राऊटरचं पातं मात्र एकाच गोलाईचं घ्या. टोक बारीक आणि पातं जाड असलं की सपाटीवर माप बरोबर येतं, उतारावर खोल जातं. टोक मिलिमीटरभर खाली बांधलंत तर स्क्रॅपरला, म्हणजे हाताने खरवडायच्या पात्याला, लाकूड उरतं.

आता माझं रडगाणं. कुडाळजवळ घराची मागची पडवी हाच माझा कारखाना. माझा साचा जुन्या गिब्सन एल-५ या आर्चटॉपच्या रुंदीचा, १६ इंच, म्हणजे ४०६ मिमी. पहिल्या स्प्रूसच्या (गिटारच्या फळीचं परदेशी लाकूड) तबलीची बाहेरची बाजू श्रावणात कापली. फळी उलटली तरी त्याच जागी बसावी म्हणून चार कोपऱ्यांत चार खुंट्या, सगळं घट्ट. मग गणपती आले, मग पैसे संपले, आतली बाजू कापायला पौष उजाडला. डाव्या दोन खुंट्या बसल्या, उजव्या बसेनात. भोकं तीनेक मिलिमीटर आत सरकलेली. मी काय केलं? कानस घेतली आणि उजवी भोकं लांबवली.

हे नीट वाचा, मी दोनदा सांगणार आहे. लाकूड रेषांच्या आडवं आटतं, रेषांच्या दिशेने उभं जवळजवळ नाही. आपल्या पावसाळ्यात ओल प्यायलेली एवढी रुंद फळी थंडीत तीन मिलिमीटर सहज आटते. मी डावी बाजू पक्की धरली, म्हणून सगळं आटणं उजवीकडे जमा झालं. बाहेरचा उतार मध्याकडे सरकला, आतला साचा जागच्या जागी. उतार तीनास एक असेल तिथे तीन मिलिमीटर सरकणं म्हणजे एक मिलिमीटर जाडी गायब! मधल्या सपाटीवर जाडी सहाची सहा मिलिमीटर आली, म्हणून मी खूश होतो. उजव्या कडेला साडेतीन ठेवायची होती, उरली अडीच. रात्री आतून मोबाईलचा टॉर्च धरला तर डावीकडे काळोख आणि उजवीकडे नारिंगी पट्टा, त्यात लाकडाची एकेक रेघ मोजता येत होती.

शेजारचे मेस्तकाका बघून म्हणाले, "पावसात दार लागणा नाय, तां इसारलंस रे झिला?"

दुसऱ्यांदा सांगतो: लाकूड आडवं हलतं. म्हणून दोनच खुंट्या, दोन्ही मधल्या सांध्याच्या (फळीचे दोन अर्धे चिकटवलेत त्या) रेषेवर, एक मानेकडे, एक शेपटीकडे, आकाराबाहेरच्या टाकाऊ भागात. मग हललं तरी दोन्हीकडे निम्मं निम्मं. आणि दोन्ही बाजू एकाच आठवड्यात कापा. मध्ये थांबणं भागच असेल तर फळी बल्ब लावलेल्या कपाटात ठेवा; जुना पिवळा बल्ब, एलईडी तेवढा तापत नाही.

घाबरू नका, हे एकदा जमलं की बाकी सोपं आहे. तयार साचे विकत घेणाऱ्यांबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. दुसऱ्याचा उतार कुठे किती आहे हे हाताला माहीत नसतं, मग चूक शोधणार कुठे? मी ज्यांच्याकडे शिकलो ते म्हणायचे, मशीन आलं की हात गेला. मला ते अर्धंच पटतं. त्यांनी दहा वर्षांत मला पटाशी लावायला शिकवली, पण आटणारं लाकूड एकदाही दाखवलं नाही. ते मेस्तकाकांनी एका वाक्यात दाखवलं.

पहिल्या दोन तबल्या स्प्रूसच्या कापूच नका. सावंतवाडीची खेळणी ज्याची होत आली तो पांगारा बघा, नाहीतर शिवण. दर दोन बोटांवर जाडी मोजायचा कॅलिपर लावा आणि आकडे पेन्सिलीने लाकडावरच लिहा, वहीत नको.