मोठी मरळ आणि बोटाएवढे आमिष

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतील मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर, गळ घेऊन बसणाऱ्या माणसाला मरळीची जी ओढ असते ती रोहू-कतल्याची नसते. रोहू आमिषाभोवती घुटमळतो, हुंगतो, चाखतो. मरळ मात्र दबा धरून बसते आणि एकाच झेपेत निर्णय लावून टाकते. अशा माशासाठी आमिषही दणकट हवे, मोठ्या मरळीला मोठाच बेडूक दाखवावा, असे आमच्याकडे सर्रास मानले जाते, आणि मीही अनेक वर्षे तळहाताएवढे रबरी बेडूक देवधानाच्या गवतावरून ओढत आलो. ते चुकीचे नाही. परंतु ज्या तलावावर दररोज चार-पाच जण तसलेच बेडूक फेकतात, त्या तलावातील वयस्क मरळ त्यांच्याकडे पाठ फिरवू लागते, आणि तेथे पाच ते आठ सेंटिमीटरचे, जेमतेम बोटाएवढे कृत्रिम आमिष अधिक उपयोगी पडते. मात्र एक अट आहे. लहान असावे ते फक्त आमिष. गळ, दोरी, गाठी आणि चिमटा हे सगळे मोठ्या माशाच्याच मापाचे असावे लागते. पुढील सर्व सूचना या एका अटीभोवतीच फिरतात.

हीच चर्चा उत्तर अमेरिकेत मस्की नावाच्या माशाबाबत चालते. मस्की हा पाइक कुळातील लांबोडका शिकारी मासा. तेथील सरोवरांत त्याच्यासाठी वीतभर किंवा त्याहूनही लांब आमिषे वापरण्याची रीत आहे आणि दहा हजार फेकींनंतर मिळणारा मासा अशी त्याची ख्याती आहे. तरीही थंड हवेची लाट येऊन गेल्यावर, वीण आटोपल्यानंतरच्या आठवड्यांत किंवा फार गळ पडणाऱ्या पाण्यात तेथील जाणकार बास या मध्यम माशासाठी बनवलेली लहान आमिषे मस्कीला दाखवतात आणि ती तो घेतो. कारण दोन्हीकडे सारखेच आहे: शिकारी मासा नेहमीच पोटभर घास शोधत नसतो; सुस्त किंवा सावध असताना तो फारसे कष्ट न पडता मिळणारा लहान घास उचलतो. फरक दातांचा आहे. मस्कीचे दात दोरी कापतात, म्हणून तिकडे तारेचा किंवा फ्लुरोकार्बन या चिवट, पारदर्शक दोरीचा अतिजाड तुकडा लावावाच लागतो. मरळीचे दात टोकदार असले तरी दोरी सहसा कातरत नाहीत, त्यामुळे आपल्याला तारेची गरज नाही. आणि तार लावली की लहान आमिषाची चाल बिघडते, हा तोटा वेगळाच.

साहित्याची निवड करताना पहिली अडचण वजनाची येते. पाच सेंटिमीटरचे आमिष सात ते दहा ग्रॅम भरते, आणि मोठ्या बेडकासाठी घेतलेल्या ताठ काठीने ते दहा हातांपलीकडे जात नाही. म्हणून साडेसहा ते सात फुटांची, शेंडा चपळ पण बुडखा दमदार असलेली, साधारण सात ते एकवीस ग्रॅम वजन फेकण्यासाठी बनवलेली काठी घ्यावी. तिच्यावर तीन हजार मापाचे स्पिनिंग रील आणि वीस ते तीस पौंडांची विणलेली दोरी, जिला दुकानात ब्रेड म्हणतात, ती पुरेशी होते. ब्रेड बारीक असल्याने हलके आमिष दूर जाते आणि ती ताणली जात नसल्याने झटका थेट गळापर्यंत पोहोचतो. टोकाला दीड-दोन फूट तीस ते चाळीस पौंडांचे फ्लुरोकार्बन जोडावे. ते दातांसाठी नसून शिंगाड्याच्या वेलींवर, बुडालेल्या बेशरमीच्या खोडांवर आणि पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, दगडांवर दोरी घासते त्यासाठी आहे. ब्रेड आणि फ्लुरोकार्बन यांच्यातील गाठ घरी, उजेडात, ओली करून आवळावी आणि हाताला फडके गुंडाळून जोर लावून तपासावी. पाळीवर घाईत बांधलेल्या गाठीवर विसंबू नये.

आता गळाविषयी, ज्याला आमच्याकडे गरी म्हणतात, थोडे सविस्तर सांगतो. कारण लहान आमिषाने लागलेल्या बहुतेक मोठ्या मरळी याच ठिकाणी सुटतात. बाजारात मिळणाऱ्या लहान आमिषांचे तिकोनी गळ बारीक तारेचे असतात. ती आमिषे मध्यम माशासाठी केलेली असल्याने तेथे ते पुरेसे असते, परंतु मरळ लागताच वनस्पतींच्या बुडाशी घुसते आणि तिला थोपवताना पडणारा ताण ही तार सोसू शकत नाही. एका हिवाळ्यात साकोलीकडच्या एका तलावावर नवे कोरे आमिष पहिल्याच सकाळी एका दांडग्या मरळीने घेतले. तीन-चार क्षण काठी वाकली आणि मग दोरी ढिली पडली. आमिष परत आले तेव्हा मागच्या गळाची दोन टोके टाचणीसारखी सरळ झालेली होती. त्या दिवसापासून नवीन आमिष पाण्यात जाण्यापूर्वी त्याचे गळ काढून टाकण्याचा नियम मी पाळतो. दोन तिकोनी गळांच्या जागी जाड तारेचे दोन एकेरी गळ, साधारण एक किंवा एक-शून्य मापाचे, नव्या मजबूत कड्यांसह बसवावेत. एकेरी गळ गवतात कमी अडकतो, माशाच्या जबड्यात खोल रुततो आणि सोडवताना बोटातही कमी घुसतो. गळ बदलल्यावर आमिषाचा तोल बदलतो; म्हणून ते घरच्या बादलीत सोडून पाहावे. तरंगणारे आमिष बुडू लागले किंवा एका कुशीवर कलले, तर हलके कडे किंवा एक माप लहान गळ लावून तोल पुन्हा साधावा.

आमिषांचे प्रकार फार ठेवू नयेत. माझ्या डबीत चारच असतात. पाच सेंटिमीटरचा पोकळ रबरी बेडूक गवतावरून आणण्यासाठी. सात-आठ सेंटिमीटरचा मऊ रबरी मासा, तीन-शून्य मापाच्या रुंद गळावर टोक आत लपवून ओवलेला, वेलींमधील पोकळीत सोडण्यासाठी. फिरत्या पात्याचा लहान स्पिनर उघड्या पाण्यासाठी. आणि पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा शांत असेल तेव्हा हलके बुडबुडे काढणारे सहा सेंटिमीटरचे पॉपर. रंगांवर फार वाद घालण्यात अर्थ नाही. पावसाळी गढूळ पाण्यात काळा किंवा गडद, हिवाळ्यातील निवळ पाण्यात मातकट हिरवा, एवढे पुरते. दुकानातील चकचकीत रंग मुख्यतः गिऱ्हाईकच पकडतात.

तलावावर पोहोचल्यावर लगेच फेकू नये. मरळीला कल्ल्यांबरोबरच डोक्याच्या पोकळीत हवा घेणारा एक अवयव असतो आणि थोड्याथोड्या वेळाने वर येऊन हवा घेतल्याशिवाय ती जगू शकत नाही. ही तिची गरज आपल्या कामी येते. पाळीवर झाडाच्या सावलीत, आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशा बेताने पंधरा-वीस मिनिटे बसावे. वेलींच्या कडेला ‘गप्’ असा बारीक आवाज होतो, एक वलय उठते आणि मागोमाग दोन-चार बुडबुडे येतात, ती मरळ. लहान मासा वलय उठवतो पण त्याचा आवाज टचकन आणि उथळ असतो. मोठ्या मरळीचा आवाज जड असतो आणि बुडबुडे टपोरे असतात. वलयावर नेमके आमिष टाकणे ही नवख्याची चूक आहे, कारण हवा घेऊन खाली वळलेली मरळ डोक्यावर काही आदळले की दचकते. वलयाच्या दोन-तीन मीटर पलीकडे, किंचित बाजूला फेकावे आणि आमिष तिच्या वाटेवरून न्यावे.

जागांचा क्रम असा ठेवावा: प्रथम पाळीलगतचे, मोठ्या झाडांची सावली पडणारे काठ, नंतर देवधान आणि कमळाच्या पट्ट्यांची उघड्या पाण्याकडील किनार, त्यानंतर सांडव्याजवळचा भाग. सगळ्यात शेवटी वरच्या अंगाचे, जंगलाकडून पाणी येते तेथील उथळ रान. लहान आमिष हिरव्या गादीच्या मधोमध फेकून उपयोग नसतो, कारण त्याची हालचाल खालपर्यंत पोहोचत नाही. त्याची खरी जागा म्हणजे गादीतील घमेल्याएवढ्या पोकळ्या आणि तिची कड. बेडूक गवतावरून हळू आणावा, पोकळीत उतरला की थांबवावा, पाच-सहा अंक मोजावेत, एकदा थरथरवावा आणि पुन्हा चालवावा. थंडीत, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत, पहाटे धडपडून जाण्याचे कारण नाही. ऊन पाण्यात उतरून ते कोमट झाल्यावर, दहाच्या पुढे, मरळ हलू लागते आणि तेव्हा आमिष जितके संथ तितके बरे. मार्चपासून उलटे होते. पारा चढू लागला की सूर्योदयानंतरचा तास-दीड तास आणि संध्याकाळ एवढ्याच वेळा उरतात. चंद्रपूरकडे मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पाळीवर बसणाऱ्याने माशापेक्षा स्वतःची काळजी करावी.

मरळ आमिष घेण्याऐवजी मागे मागे येते, असे अनेकदा घडते. पाण्यावर बाणाच्या टोकासारखी लाट दिसते आणि काठाजवळ येऊन ती विरते. अशा वेळी गोंधळून आमिष थांबवू नये. वेग तसाच ठेवावा किंवा किंचित वाढवावा. काठाशी आल्यावर आमिष उचलून घेण्याऐवजी काठीचा शेंडा पाण्याजवळ नेऊन ते काठाला समांतर वळवावे. मस्कीचे शिकारी होडीच्या बाजूला काठीच्या टोकाने पाण्यात इंग्रजी आठचा आकडा काढतात तो याच हेतूने. आपल्याकडे काठावरून पूर्ण आकडा निघत नाही, पण अर्धे वळणही कित्येकदा पुरते.

झटका कधी द्यावा, याबाबत मोठ्या बेडकाचा नियम लहानाला लावू नये. मोठा बेडूक मरळ आधी तोंडात धरते आणि मग आत घेते, म्हणून फटकारा ऐकल्यावर दोन-तीन अंक मोजून झटका देण्याची शिकवण योग्य आहे. बोटाएवढे आमिष मात्र ती एकाच घासात आत ओढते. तेथे मोजत बसल्यास गळ घशात उतरतो आणि मासा सोडून देण्याजोगा राहत नाही. लहान बेडकाला फार तर एक अंक, बाकीच्या लहान आमिषांना जड वाटताक्षणी, असा हिशेब ठेवावा. झटक्यानंतर दोरी ढिली सोडू नये. ड्रॅग, म्हणजे ठरावीक ताणानंतर दोरी सोडणारी रीलमधील चकती, आधीच तोलकाट्याने अडीच-तीन किलोच्या ताणावर बसवलेला असावा, कारण पहिल्या दहा सेकंदांत मरळीचे तोंड वनस्पतींपासून वळवता आले नाही तर नंतरची मेहनत बहुधा वाया जाते. ती वेलींत घुसलीच तर जोराने हिसकू नये. दोरी ताठ ठेवून थांबावे, ती स्वतः हलली की त्याच दिशेने ओढावे.

काही मर्यादा पाळाव्याच लागतात. बहुतेक तलावांचे मासेमारीचे हक्क गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतात आणि त्यावर ढिवर कुटुंबांचे पोट चालते. म्हणून आधी संस्थेची परवानगी घ्यावी, शिंगाड्याच्या लावणीत गळ फेकू नये आणि लावलेल्या जाळ्यांपासून दूर राहावे. मला सर्वांत चांगल्या जागा दाखवल्या त्या एका ढिवर काकांनीच, आणि तेही पहिली दोन वर्षे माझ्याकडे नुसते पाहून हसत. नवेगाव-नागझिरा किंवा ताडोबासारख्या संरक्षित क्षेत्रातील पाण्यात गळ टाकणे हा गुन्हा आहे. गोंदियाकडे पावसाळ्यात तलावांच्या उथळ भागांत व धानाच्या बांध्यांत सारस पक्ष्यांची घरटी असतात. तो भाग पूर्ण सोडावा. पावसाळ्यातच मरळीची वीण होते. नर-मादी मिळून लालसर पिल्लांच्या थव्याची राखण करतात आणि त्या थव्याजवळून जाणाऱ्या कोणत्याही आमिषावर, भूक नसतानाही, तुटून पडतात. ही जोडी लहान आमिषाने सहज हाती लागते, म्हणूनच तिला हात लावू नये. राखणदार गेले की तो थवा इतर मासे काही तासांत संपवतात.

मासा काठाशी आला की जाळीने उचलावा, कारण लहान आमिषाचे उघडे गळ तोंडाबाहेर लोंबत असताना हाताने पकडणे म्हणजे बोटात गळ घालून घेणे होय. वीतभर लांब नाकाचा चिमटा आणि तार कापणारी पक्कड कमरेलाच हवी. गळ खोल असेल तर कल्ल्यांत खुडबुड न करता तो कापून टाकावा. मरळ हवा घेऊ शकत असल्याने पाण्याबाहेर बराच वेळ तग धरते, पण तिची त्वचा सुकता कामा नये; ओल्या गोणपाटावर ठेवावी, हात भिजवून धरावी, आणि सोडताना फेकून न देता उथळ पाण्यात पोटाखाली हात ठेवून तोवर धरावी, जोवर ती शेपटीचा एक फटका मारून स्वतःच हातातून निसटत नाही.