तळघरातल्या संपसाठी रिटर्न पंप घेताय? या चुका टाळा

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे फिशटँकचा संप, म्हणजे फिल्टरची खालची टाकी, तळघरात ठेवण्याला खरंच अर्थ आहे. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. हॉलमधलं पाणी तापतं, तळघर मात्र बऱ्यापैकी गार असतं. शिवाय आवाज नाही, ओल नाही, फिल्टर साफ करायला ऐसपैस जागा. अडचण एकच, खाली गेलेलं पाणी रिटर्न पंपाने चोवीस तास वर चढवावं लागतं. हॉलमध्ये स्टँडखालीच संप असता तर तीन-साडेतीन फूट चढ होता, तळघरातून तो बारा-तेरा फुटांवर जातो. बिल त्या उंचीचं येतं, म्हणून पंप बघण्याआधी उंची बघायला हवी. बहुतेक जण पंपापासून सुरुवात करतात, आणि बाकीच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

बॉक्सवरचा आकडा खरा धरणं

बॉक्सवर लिहिलेलं असतं: ताशी ६००० लिटर, कमाल हेड (पाणी चढवायची उंची) ३.५ मीटर. वाचणारा समजतो की हा पंप साडेतीन मीटरवर ताशी ६००० लिटर पाणी देईल. प्रत्यक्षात ६००० लिटर हे शून्य उंचीचं माप आहे आणि साडेतीन मीटर ही पाणी जिथे थांबतं ती उंची. त्या उंचीवर थेंबही बाहेर पडत नाही. मग दुकानात फोन जातो, ‘भाऊ, पाणी वर चढत नही.’ दुकानदार बदलून देतो, तेही त्याच पद्धतीने निवडलेलं दुसरं मॉडेल.

आपल्याकडे विहिरीवर मोटर बसवणारा माणूस आधी किती फूट हेड आहे ते विचारतो आणि कंपनीचा तक्ता काढतो. केळीच्या बागेला पाणी देणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. फिशटँकच्या पंपालाही तोच नियम आहे. मागायचा तो हेड आणि पाणी दाखवणारा आलेख. आपल्या उंचीची रेघ त्यावर धरायची आणि तिथे किती लिटर मिळतात ते वाचायचं. आलेख नसलेला पंप तळघरासाठी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आलेख इंटरनेटवरून घेतला असेल तर तो अमेरिकेचा नाही ना, हे पाहा. तिथे वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. साध्या एसी पंपाचा वेग हर्ट्झवर चालतो, त्यामुळे ६० हर्ट्झसाठीच्या आलेखावरचं हेड इथे जेमतेम सत्तर टक्के उरतं. आणि तिकडचा गॅलन ३.७८५ लिटरचा असतो, चारचा नाही.

उंची चुकीच्या जागेवरून मोजणं

हेड पंपापासून मोजत नाहीत, तळघराच्या फरशीपासूनही नाही. संपमधल्या पाण्याच्या पातळीपासून वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंतचं उभं अंतर मोजायचं. रिटर्नचं, म्हणजे वर आलेलं पाणी टाकीत सोडणाऱ्या पाइपाचं, तोंड पाण्याच्या वर असेल तर त्या तोंडापर्यंत. पंप संपमध्ये फूटभर खोल बुडाला असला तरी तो फूट हिशेबात येत नाही.

एक नेहमीचं घर घेऊ. तळघराची उंची ९ फूट, स्लॅब अर्धा फूट, वर स्टँड आणि टाकी मिळून साडेचार फूट. संपचं पाणी फरशीपासून सव्वा फुटावर. उभं हेड आलं पावणेतेरा फूट, म्हणजे साधारण ३.९ मीटर. वरचा साडेतीन मीटरचा पंप इथे का हरला, हे आता दिसतं.

आणि इथेच फुकटची बचत आहे. संप फरशीवर ठेवायचीच गरज काय? मजबूत लोखंडी अँगलच्या स्टँडवर तो तीन फूट उचला. हेड पावणेदहा फूट, म्हणजे ३ मीटरवर येतं. पंपाची कंपनी बदलून जे मिळत नाही ते वेल्डरच्या एका दिवसाच्या कामात मिळतं, आणि ते दर महिन्याला मिळत राहतं. फक्त वजनाचा हिशेब नीट करा. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, वर काचेचं वजन वेगळं. संपच्या वर हात घालायला आणि फिल्टर उचलून काढायलाही जागा सोडा.

काही जण म्हणतात, वरून पाणी खाली येतच असतं, त्याच्या जोराने वर जाणाऱ्याला मदत होत असेल. होत नाही. संप वरून उघडा असतो, खाली पडणाऱ्या पाण्याची ताकद तिथेच संपते.

बारीक पाइप

संपूर्ण व्यवस्थेतली सर्वांत महाग चूक बहुधा हीच, कारण ती भिंतीत बुजवली जाते. ताशी २००० लिटर पाणी सहा मीटर लांब अर्ध्या इंची पाइपातून ढकलायचं तर घर्षणातच चार मीटरच्या वर हेड जातं. म्हणजे तळघराखाली आणखी एक तळघर खणल्यासारखं झालं. पाऊण इंचीत हा तोटा साधारण मीटरभर, एक इंचीत फूटभर. सव्वा इंची घेतली तर हिशेबात धरायलाही नको. पाइपाचा फरक काहीशे रुपयांचा, तोही एकदाच.

पंपाचं तोंड अर्ध्या-पाऊण इंचाचं आहे म्हणून वरपर्यंत तीच नळी नेऊ नका. पंपातून बाहेर पडल्या पडल्या रिड्यूसर लावून पाइप मोठा करा. एक इंची पाइपात एक काटकोनी एल्बो म्हणजे जवळपास पाऊण मीटर सरळ पाइप. जिथे जमेल तिथे लांब बेंड वापरा. पाइप आणि ठिबक या दोन्हींसाठी जळगावचं नाव देशभर आहे, चांगलं फिटिंग शोधायला इथे लांब जावं लागत नाही.

गरजेपेक्षा जास्त पाणी फिरवणं

टाकीच्या दहापट पाणी दर तासाला फिरलं पाहिजे, असा समज अजून आहे. संपमधून ते फिरवायची गरज नसते. फिल्टर आणि हीटरपर्यंत पाणी पोचवायला तासाला तीन ते चार फेऱ्या पुरतात. ५०० लिटरच्या टाकीला १५०० ते २००० लिटर झाले. टाकीच्या आत जोरदार प्रवाह हवा असेल तर त्यासाठी वेव्हमेकर आहे. तो पाणी नुसतं ढवळतो, चढवत नाही, म्हणून अगदी थोड्या वॅटमध्ये चालतो. तेरा फूट वर पाणी चढवून प्रवाह तयार करणं हा त्याच कामाचा सर्वांत खर्चिक मार्ग आहे.

आता एक सूत्र, कागदावर लिहून ठेवा: ताशी लिटर गुणिले हेड मीटरमध्ये, भागिले ३६७. उत्तर येतं ती पाणी चढवायला लागणारी निखळ ताकद, वॅटमध्ये. २००० लिटर आणि घर्षणासकट साडेचार मीटर धरले तर साडेचोवीस वॅट येतात. लहान पंपात बरंच वाया जातं, म्हणून प्रत्यक्षात तिप्पट धरा, ७५ वॅटच्या आसपास. या कामाला कुणी दीडशे वॅटचा पंप दाखवला तर नाही म्हणा. कुणी तीस वॅटचा दाखवला तर आलेख मागा.

७५ वॅट चोवीस तास म्हणजे दिवसाला १.८ युनिट, महिन्याला ५४. घरात ‘पडून’ असलेला अर्धा एचपीचा टुल्लू लावला तर? सहज ५०० वॅटच्या घरात जातो, महिन्याला ३६० युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटला टप्पे बदलतात. हा एकटा पंप दोन्ही टप्पे ओलांडतो, आणि मग घरातले पंखे-कूलरही महाग दरात चालतात. टुल्लू चोवीस तास चालण्यासाठी बनलेलाही नसतो. त्याचा गंज पाण्यात उतरतो. कूलरच्या पंपाचं उलटं, तो स्वस्त आहे आणि वीजही कमी खातो, पण इतकी उंची त्याच्या आवाक्यातली नाही.

डीसी पंप घेतला की झालं, असं मानणं

डीसी पंप, म्हणजे कंट्रोलरने वेग कमी-जास्त करता येणारे पंप, चांगलेच असतात. पण त्यांची जी बचत सांगतात ती वेग कमी करून मिळते, आणि तळघरात वेग फारसा कमी करता येत नाही. वेग निम्मा केला की हेड निम्मं होत नाही, पाव होतं. कमाल ५ मीटरचा पंप ३.९ मीटरच्या चढावर लावलात तर वेग ८८ टक्क्यांवर येताच वरचं पाणी बंद. कंट्रोलरवर दहा पायऱ्या आहेत, त्यातली वरची एक-दोनच कामाची. संप उचलून हेड ३ मीटर केलं तर तोच पंप ७८ टक्क्यांपर्यंत खाली आणता येतो. म्हणून आधी उंची, मग डीसी.

जास्तीचं पाणी व्हॉल्व्हने कमी करायचं असेल तर व्हॉल्व्ह पंपाच्या पुढे बसवा, मागे कधीच नाही. ओढण्याच्या बाजूला अडवलं की इम्पेलरपाशी (पंपातल्या फिरत्या पंख्यापाशी) बुडबुडे तयार होतात आणि तो खराब होतो.

वीज गेल्यावर काय होईल, याचा विचार न करणं

पंप थांबला की रिटर्नच्या तोंडातून पाणी सायफनने उलटं खाली येतं. पाच बाय दोन फुटांच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे २३ लिटर. तोंड चार इंच बुडालेलं असेल तर ९० लिटर तळघरात, शिवाय पाइपातलं वेगळं. तोंड पातळीच्या जेमतेम खाली ठेवा आणि पातळीलगत पाइपाला सायफन तोडणारं छिद्र पाडा. एनआरव्हीवर (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हवर) सगळा भार टाकू नका. त्यात गोगलगाय किंवा क्षाराचा खडा अडकला की तो उघडाच राहतो, वर हेडही खातो. काम झालं की फिटरला थांबवा, त्याच्यासमोर प्लग काढा आणि संप किती भरतो ते पाहा. खडूने ती रेघ मारून ठेवा.

तळघरातल्या जोडणीला अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. सॉकेट पाण्याच्या पातळीपेक्षा उंच.

पाणी हळूहळू कमी होत असेल तर

बोअरचं पाणी जड असेल तर इम्पेलरवर पांढरा थर चढतो. पंप वीज खातच राहतो, पाणी मात्र घटत जातं, आणि तळघरात ते कुणाच्या लक्षात येत नाही. नवा पंप लावला त्याच दिवशी २० लिटरची बादली रिटर्नखाली धरून वेळ मोजा. ३६ सेकंद म्हणजे ताशी २००० लिटर. हा आकडा लिहून ठेवा, महिन्यातून एकदा पुन्हा मोजा. वेळ वाढली की आधी स्पंज, मग इम्पेलर, मग वरचं तोंड, या क्रमाने बघा. थर लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर बुडवून ब्रशने निघतो. खरवडू नका, चिनी मातीचा दांडा तुटतो.

नुसता गुणगुणतो पण फिरत नाही, तर बहुधा इम्पेलर अडकलाय. लगेच बंद करा. वरच्या टाकीत बारीक बुडबुडे येत असतील तर संपच्या शेवटच्या कप्प्यात पाणी कमी झालंय. एप्रिल-मेमध्ये बाष्पीभवन इतकं असतं की रोज भर घालावी लागते. गावाला जाताना कप्पा कोरडा पडून पंप जळू नये म्हणून फ्लोट स्विच बसवा.

वीज खरंच किती लागते हे मीटरच सांगतो. घरातलं बाकी सगळं बंद करा, पंप तेवढा चालू ठेवा आणि मीटरच्या लाल दिव्याच्या उघडझापी मोजा. मीटरवर एका युनिटला किती उघडझापी ते छापलेलं असतं. ३२०० छापलं असेल आणि दहा उघडझापींना ११२ सेकंद लागले, तर पंप १०० वॅट घेतोय. १५० सेकंद लागले तर ७५ वॅट.