पाचव्या तारेचं काय करायचं? प्रोग्रेसिव्ह बँजोकडे वळणाऱ्यांसाठी

मिरवणुकीत वाजतो तो आपला बटणांचा बँजो, म्हणजे खरं तर बुलबुलतरंग. इथे विषय आहे तो अमेरिकेतला पाच तारांचा बँजो. प्रोग्रेसिव्ह म्हणजे त्यावर ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या शैलीसोबत जॅझ, रागसंगीत अशा वेगळ्या शैली मिसळून वाजवणं. त्याला तबल्यासारखी ताणलेली ११ इंची पुडी आणि लांब दांडी असते. पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी दांडीच्या मध्येच पाचव्या पडद्यापाशी बसवलेली. ही तार बहुधा मोकळीच छेडतात, सतारीच्या चिकारीसारखी. बँजोचा बँजोपणा तिच्यात आहे. वेगळ्या शैली मिसळायला गेलं की पहिली आडवी येते तीही हीच.

आधी वाद्य नीट लावायला शिका. घोडी (पुडीवर तारांना आधार देणारा तुकडा) चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या दाबावर उभी असते. म्हणून तारा बदलताना एकेकच बदला. सगळ्या सोडल्या तर घोडी पडते आणि तिची जागा पुन्हा शोधावी लागते. जागा तपासायची ती अशी: पहिल्या तारेला बाराव्या पडद्यावर हलका स्पर्श करून घंटीसारखा सूर काढा, मग तिथेच दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा लागला तर घोडी मागे, तारा अडकवलेल्या टोकाकडे सरकवा. उतरा लागला तर पुढे घ्या. पुडी सैल असेल तर आवाज बसका येतो. कडेचे हूक समोरासमोरच्या जोड्यांनी, एका वेळी अष्टमांश फेराच आवळायचे, नाहीतर ताण एका बाजूला जातो. पुडी आता बहुतेक मायलार या प्लॅस्टिकची असते, त्यामुळे पावसाळ्यात चामड्यासारखी ढिली पडत नाही.

उजव्या हाताला तीन नख्या लागतात: अंगठ्याला प्लॅस्टिकची, तर्जनी आणि मधल्या बोटाला धातूच्या. बँजोवादक अर्ल स्क्रग्ज १९४५ मध्ये ब्लूग्रासचे जनक मानले जाणाऱ्या बिल मन्रोच्या बँडमध्ये आले आणि त्यांचे तीन बोटांचे रोल, म्हणजे तारा ठरावीक फिरत्या क्रमाने छेडणं, हाच ब्लूग्रासचा पाया झाला. एका मापात आठ सूर. अंगठा-तर्जनी-मधलं ही फेरी आठात बरोबर बसत नाही, तीन-तीन-दोन अशी तुटते, आणि सगळी गंमत त्या तुटण्यात आहे. नवशिके आठही सूर सारख्या जोराने मारतात, मग चाल ऐकूच येत नाही. चालीचा सूर ठळक आणि बाकीचे त्याच्यामागे, एवढं साधेपर्यंत जॅझच्या नादी लागू नये.

पुढची पायरी मेलॉडिक शैलीची. १९६० च्या दशकात बँजोवादक बिल कीथ यांनी ती रुजवली. तत्त्व एवढंच की लागोपाठचे दोन सूर एका तारेवर घ्यायचे नाहीत. नेहमीच्या ओपन जी मिळवणीत (मोकळ्या तारा छेडल्या की जीचा कॉर्ड वाजतो), जी हा सा धरून, बिलावल असा पडतो: सा तिसरी मोकळी, रे चौथीवर सातवा पडदा, ग दुसरी मोकळी, म तिसरीवर पाचवा, प पहिली मोकळी, ध दुसरीवर पाचवा, नी पहिलीवर चौथा, वरचा सा पाचवी मोकळी. सूर एकमेकांत मिसळत वाहतात, सतारीपेक्षा संतूरच्या जवळ जातात. कोमल गंधार हवा असेल तर मोकळी दुसरी तार निरुपयोगी होते. तेव्हा ती तार अर्धा सूर उतरवतात, पण मग ध पाचव्याऐवजी सहाव्या पडद्यावर जातो. हे विसरल्यामुळेच पहिल्या मैफलीत बेसूर होतं.

जॅझमध्ये दोन-दोन मात्रांना कॉर्ड बदलतो, तिथे हेच मिसळणं अंगाशी येतं. त्यासाठी बँजोवादक डॉन रेनो यांची सिंगल-स्ट्रिंग शैली: एकाच तारेवर अंगठा आणि तर्जनी आलटून पालटून. मेट्रोनोम ६० वर ठेवून सुरुवात करा. पाचवी तार इथे बहुतेक वेळ गप्पच ठेवायची.

पट्टी बदलली की पाचव्या तारेचा प्रश्न वेगळाच. दुसऱ्या पडद्यावर कॅपो (चार लांब तारा एकदम दाबणारी चाप) लावला की पाचवी तारही दोन पडदे चढवावी लागते. खुंटीने फार ओढली तर तुटते. म्हणून सातव्या आणि नवव्या पडद्यापाशी खेळण्यातल्या रेल्वेरुळांचे बारीक खिळे बसवतात आणि तार त्यांच्याखाली अडकवतात. हे काम कारागिराकडूनच करून घ्या, भोक चुकलं तर दांडी चिरते.

हे सगळं एका हातात आणणारे म्हणजे अमेरिकी बँजोवादक बेला फ्लेक, बँजोवादक टोनी ट्रिश्काचे शिष्य. झाकिर हुसेन, बेसवादक एडगर मेयर आणि बासरीवादक राकेश चौरसिया यांच्यासोबतच्या त्यांच्या २०२३ च्या अल्बमला २०२४ मध्ये दोन ग्रॅमी मिळाले. आपल्याकडच्या वादकांनी तो ऐकताना बँजो कुठे थांबतो ते ऐकावं. सूर लगेच विझतो, लांब मींड टिकत नाही, म्हणून विलंबित आलाप या वाद्याच्या गळी उतरवू नये. द्रुत गत आणि झाला मात्र शोभतात.

शिक्षणासाठी ईस्ट टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटीत १९८२ पासून ब्लूग्रासचा अभ्यासक्रम आहे. बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातही बँजो हे मुख्य वाद्य घेता येतं. पण पोट फक्त मैफलींवर भरत नाही. शिकवण्या, स्टुडिओ आणि दुसऱ्यांच्या बँडमधली साथ यांची मोट बांधावी लागते. ॲलिसन ब्राउन यांनी बँकेतली नोकरी सोडून बँजो धरला आणि १९९५ मध्ये स्वतःची रेकॉर्ड कंपनीही काढली. नॅशव्हिलच्या स्टुडिओत नोटेशनऐवजी आकड्यांचा तक्ता समोर येतो: १, ४, ५ म्हणजे त्या पट्टीतले कॉर्ड. कोणत्याही पट्टीत तो तिथल्या तिथे वाजवता आला नाही तर पुढच्या वेळी बोलावणं येत नाही.

साथीत सगळ्यात जास्त चुकतं ते असं: फिडल (व्हायोलिन) पुढे असताना बँजो रोल चालूच ठेवतो. त्या वेळी बंद कॉर्ड धरून दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर तोकडा ठेका द्यायचा आणि लगेच बोटं उचलून तारा मुक्या करायच्या. नमुन्याच्या रेकॉर्डिंगमध्ये तीन तुकडे पुरतात: एक पारंपरिक, एक मिश्र शैलीतला आणि एक गायकामागची साथ. साथीचा तुकडा पहिला ठेवा, कारण काम देणाऱ्याला बहुधा तेवढंच हवं असतं.