कमी बिटरेटमध्ये भजनाचा टाळ टाळासारखा कसा ठेवावा

आवाज चांगला हवा तर बिटरेट (सेकंदाला किती बिट खर्चायचे तो आकडा, केबीपीएस म्हणजे हजार बिटांत मोजतात) वाढवा, हा सल्ला इतक्यांदा ऐकलाय की आता नुसता वाचला तरी चिडचिड होते. बिटरेट वाढवता आला असता तर विचारलं कशाला असतं? आमच्या आईचं भजनी मंडळ सोलापूरच्या पूर्व भागात, दर एकादशीला दोन तास बसतं, आणि रेकॉर्डिंग ज्यांना हवं असतं त्यातल्या निम्म्या मावश्यांकडे बटणाचा फोन नि त्यात मेमरी कार्ड, बाकी कुणाची लेक भिवंडीत तर कुणाचा मुलगा अक्कलकोटच्या पुढं अशा गावात की जिथं रेंज फक्त गच्चीवर येते. दोन तासांची फाइल १२८ केबीपीएसला ११५ एमबीच्या आसपास जाते, ३२ केबीपीएसला २९ एमबी. मला ती २९ वालीच पाठवायची असते आणि तरी टाळ टाळासारखा वाजला पाहिजे. वाजतो, फक्त एन्कोडरकडे, म्हणजे फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामकडे, जायच्या आधी थोडं काम करावं लागतं.

रेकॉर्डिंग वॅव्हमध्येच, म्हणजे न दाबलेल्या फाइलमध्येच करा. फोनमधलं साधं रेकॉर्डर ॲप बऱ्याचदा आधीच दाबलेली फाइल देतं आणि दाबलेली फाइल परत दाबली की दोन्ही वेळचा बिघाड एकत्र ऐकू येतो, त्यामुळे "व्हॉट्सॲपवर आलंय, जरा साफ करून दे" असं कुणी म्हटलं की मी सरळ ओरिजिनल मागते.

माईक गाणारीच्या तोंडापासून हातभर अंतरावर आणि टाळवाल्या मावश्या माईकच्या मागच्या बाजूला.

मोनो, म्हणजे एकच चॅनल करा. दोन माईक लांब लांब लावले असतील तर दोन्ही चॅनल एकत्र करू नका, आवाज पोकळ होतो, त्यातला चांगला एक ठेवा नि दुसरा सोडून द्या.

आता खरी अडचण. पहिली दोन वर्षं मी पेटी, मृदंग, आवाज सगळं नीट पाठवत होते, पण टाळ सुरू झाला की फाइलची वाट लागायची. एक काका फोन करून म्हणाले, "काय गं, टाळ असा पाण्यात बुडवल्यासारखा का यायलाय?" अगदी बरोबर शब्द होता तो, बुडबुडे फुटल्यासारखं चुळचुळ-चुळचुळ. मला वाटलं वरचा आवाज कमी पडतोय म्हणून मी ट्रेबल वाढवला, आणि ते आणखी वाईट झालं. मग वाटलं गोंगाट जास्त आहे म्हणून नॉइज रिडक्शन पूर्ण ताकदीनं मारलं, तर गाणाऱ्या मावशी विहिरीतून गाताहेत असं वाटायला लागलं. ती एकादशी वाया गेली, कारण ओरिजिनल मी तोवर पुसून टाकलं होतं. आजही ते मनाला लागतं, कारण त्यात म्हणणाऱ्या आजी आता नाहीत.

कारण कळलं ते हिशोब मांडल्यावर. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणजे आवाजाची तेवढी मोजमापं, आणि हातात ३२,००० बिट, म्हणजे एका सॅम्पलला पाऊण बिटही येत नाही, मूळ वॅव्हमध्ये त्यालाच १६ बिट असतात. एन्कोडर काय करतो, मोठ्या आवाजाखाली झाकलेलं जे कानाला कळत नाही ते आधी टाकतो, पण बजेट फारच कमी पडलं की कळणारंही टाकायला लागतो. टाळ म्हणजे वरच्या पट्टीत पसरलेला, सतत बदलणारा आवाज, तिथं काय ठेवायचं हे त्याला एका क्षणी जमतं, पुढच्या क्षणी जमत नाही, आणि पट्ट्या अशा चालू-बंद झाल्या की आपल्याला ते बुडबुडे ऐकू येतात. शिवाय पंख्याची सरसर असते. सरसरीला काही आकार नसतो त्यामुळे ती दाबली जात नाही, बिट मात्र खाते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर गेल्यावर म्हाताऱ्या बायकांना पंखा बंद करा सांगणं मला पटत नाही, तेव्हा सरसर येणार हे धरूनच चालायचं.

म्हणून काय टाकायचं हे आपण ठरवायचं, एन्कोडरवर सोडायचं नाही. मी ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या प्रोग्राममध्ये करते, क्रम असाच ठेवा.

आधी भजन सुरू व्हायच्या आधीचा नुसत्या पंख्याचा तुकडा निवडून नॉइज प्रोफाइल, म्हणजे गोंगाटाचा नमुना घ्या, आणि रिडक्शन ६ ते ८ डेसिबल, त्यापुढं जाऊ नका. तिथंच रेसिड्यू नावाचा पर्याय असतो, तो लावला की काढून टाकलेला आवाजच ऐकू येतो. त्यात नुसती सरसर असली तर ठीक. शब्द ओळखता यायला लागले तर तुम्ही गाणंच कापताय, आकडा कमी करा. ही एक तपासणी मला पहिल्या वर्षी कुणी सांगितली असती तर ती एकादशी वाचली असती. शेजारच्या पॉवरलूमचा खटाक-खटाक मात्र यानं जाणार नाही, तो सलग आवाज नाही, ठोके आहेत. एमपीथ्री आवाजाचे छोटे तुकडे पाडून दाबतं, ठोका तुकड्याच्या मध्यात आला की त्याची घाण ठोक्याच्या आधीसुद्धा पसरते, म्हणून खटाकच्या आधी बारीक फस्स येतं. त्याला उपाय एकच, रेकॉर्डिंगच्या वेळीच कारखान्याच्या बाजूची खिडकी लावून माईकची पाठ तिकडं करणं.

मग हाय-पास, म्हणजे खालचा आवाज कापणारा फिल्टर, ८० हर्ट्झला. मग लो-पास, म्हणजे वरचा आवाज कापणारा, १० ते ११ किलोहर्ट्झला, रोल-ऑफ (कापण्याचा उतार) २४ डेसिबल. इथं लोक घाबरतात, वरचं कापलं तर टाळ मरेल म्हणतात. मरत नाही. टाळाची किणकिण आपण जी ओळखतो ती बरीचशी त्याच्या खाली आहे, वरचं बटणाच्या फोनच्या स्पीकरमधून येतच नाही, पण बिट मात्र तेच खात असतं. त्यानंतर इक्वलायझरनं ५ किलोहर्ट्झच्या वर ३ डेसिबल खाली घ्या, एवढंच. शेवटी पीक, म्हणजे सगळ्यात मोठ्या आवाजाची पातळी, उणे २ डेसिबलला आणून ठेवा, दाबलेली फाइल वाजताना मूळ पातळीच्या जरा वर उडी मारते आणि जागा नसेल तर फाटते.

एन्कोडिंग सोपं आहे. स्मार्टफोनवाल्यांना ओपस (एमपीथ्रीसारखाच फाइल दाबायचा एक प्रकार), मोनो, ३२ केबीपीएस, व्हीबीआर म्हणजे गरजेप्रमाणे कमी-जास्त होणारा बिटरेट चालू, सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झच राहू द्या, आणि मोड ऑडिओचा निवडा, बोलण्याचा नको. नुसतं प्रवचन असेल तर २४ पुरतं. ओपस हे २०१२ साली स्टँडर्ड झालेलं आहे आणि इतक्या कमी बिटरेटला एमपीथ्री त्याच्या जवळपासही येत नाही, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. बटणाच्या फोनला नि पेनड्राइव्हच्या स्पीकरला मात्र एमपीथ्रीच लागतं, तिथं मोनो, ४८ केबीपीएस कॉन्स्टंट आणि सॅम्पल रेट २४ किलोहर्ट्झ करा, म्हणजे प्रत्येक सॅम्पलला दोन बिट येतात. दोन तासांचे ४३ एमबी होतात, कार्डात मावतात.

पूर्ण फाइल लगेच एन्कोड करू नका. ज्या अभंगाच्या शेवटी गजर टिपेला जातो, सगळे टाळ एकदम वाजतात, तिथले ३० सेकंद कापून तेवढेच आधी करून बघा. ते टिकले तर बाकी सगळं टिकतं. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीतला "हर्र बोला हर्र" मी ३२ ला दाबून पाहिलाय, हजारो माणसांचा एकदम आवाज, हलगी, वर टाळ्या, तिथं नाही टिकत, तसल्या रेकॉर्डिंगला ६४ द्यावेच लागतात. आणि तपासणी हेडफोनवर एकदा नि ज्याला पाठवायचंय त्याच्यासारख्या फोनवर एकदा, मी आईचा फोन वापरते.

व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. वॅव्ह मी आता दोन हार्डडिस्कवर ठेवते, एक माझ्याकडं, एक भावाकडं.