साइन थीटा पुसला गेला तेव्हा : गणिताकडून भौतिकशास्त्राकडे येणाऱ्यांसाठी

पहिल्या सत्राच्या दुसऱ्याच आठवड्यात भौतिकशास्त्राच्या सरांनी लंबकाचं समीकरण फळ्यावर मांडलं, त्यातला साइन थीटा (थीटा म्हणजे दोऱ्याचा उभ्या रेषेशी होणारा कोन) डस्टरनं पुसला आणि त्या जागी नुसता थीटा लिहिला. "कोन लहान आहे," एवढं म्हणाले आणि पुढच्या ओळीवर गेले. मी वहीत उतरवून घेतलं, पण मन तिथंच अडकलं. आदल्याच तासाला गणिताच्या वर्गात एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे सीमेची काटेकोर व्याख्या, चालू होतं. तिथं बरोबरीचं चिन्ह काढायचं तर सिद्धता हातात हवी. आणि इथं दोन वेगळी फंक्शन्स बघता बघता एक झाली, वर्गातल्या कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावातली. घरामागं कुळागर (सुपारी-नारळाची बाग), पलीकडे विहीर. बारावीला गणितात उत्तम मार्क होते, त्यामुळे "भौतिकशास्त्र म्हणजे शेवटी गणितच ना," असं सगळ्यांनी सांगितलं आणि मलाही ते पटलं. बीएस्सीला गणित मुख्य घेतलं, भौतिकशास्त्र जोडीला. पहिल्या चाचणीत गणितात वर्गात पहिली आले आणि भौतिकशास्त्रात जेमतेम पास झाले. त्या दिवशी पणजीहून घरी येईपर्यंत बसमध्ये मी तोंडातून शब्द काढला नव्हता. पुढं भौतिकशास्त्रातच एमएस्सी केलं आणि आज तोच विषय शिकवते. दर वर्षी गणिताची चार-दोन चांगली मुलं तोच चेहरा घेऊन माझ्याकडे येतात. आता मेजर-मायनर (एक मुख्य विषय, एक जोडविषय) पद्धतीत अशी मुलं वाढलीही आहेत. हे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

माझी गाठ सुटली ती वर्गात नाही, प्रयोगशाळेत. एक मीटरचा दोरा, बुचाच्या दोन फोडींत धरलेला, खाली पितळेचा गोळा. गोव्यात गुरुत्वत्वरण ९.७८ धरलं तर एका आंदोलनाला २.०१ सेकंद लागतात, वीस आंदोलनांना ४०.२. माझ्या डोक्यात तो पुसलेला साइन थीटा होताच. म्हणून जोडीदारणीला म्हटलं, "आधी दहा अंशांवरून सोडू, मग पंचेचाळीसवरून." ती वैतागली, कारण जर्नलात एवढं कुणी मागितलं नव्हतं. पण केलं. दहा अंशांवर घड्याळाला काही कळलंच नाही. पंचेचाळीस अंशांवरून सोडलं तेव्हा वीस आंदोलनांना सव्वा-दीड सेकंद जास्त लागला. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

घरी येऊन हिशेब मांडला. साइन थीटाच्या जागी थीटा घेतल्यानं आवर्तकालात (एका आंदोलनाच्या वेळात) पडणारा सापेक्ष फरक, कोन फार मोठा नसेल तोवर, सुरुवातीच्या कोनाच्या वर्गाला १६ नं भागून मिळतो (कोन अर्थातच रेडियनमध्ये). दहा अंशांना हा फरक ०.१९ टक्के येतो, म्हणजे चाळीस सेकंदांत ०.०८ सेकंद. स्टॉपवॉच दाबणाऱ्या माझ्या अंगठ्याचीच चूक ०.२ सेकंदांची, म्हणजे अर्धा टक्का! जो फरक माझा अंगठा पकडू शकत नाही, तो सरांनी सोडून दिला होता. वीस अंशांवर तोच फरक पाऊण टक्का होतो, म्हणजे अंगठ्याच्या चुकीच्या वर जातो. तेव्हा "कोन लहान आहे" ही पळवाट नव्हती. त्यात त्रुटीचा अख्खा हिशेब होता, फक्त तो बोलून दाखवलेला नव्हता.

मला जास्त लागलं ते वेगळंच. तो हिशेब करायला लागणारं टेलरचं प्रमेय (फंक्शनच्या जागी सोपी बहुपदी घेणारं), त्यातली चूक सांगणाऱ्या शेषपदासकट, मला येत होतं. परीक्षेत लिहून दहापैकी दहा मिळवले होते. पण ते इथं वापरायचं असतं हे सुचलंच नाही, कारण "किती?" असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. गणितात विधान खरं असतं नाहीतर खोटं. भौतिकशास्त्रात त्याला जोडून विचारावं लागतं : कितपत खरं, आणि कशाच्या तुलनेत? गणिताची मुलं अडखळतात ती गणित कमी पडतं म्हणून नव्हे, ह्या प्रश्नाची सवय नसते म्हणून.

गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पेशानं गणितज्ञ होते. पण प्राचीन आहत (ठसे ठोकून पाडलेल्या) नाण्यांचा प्रश्न हाती घेतला तेव्हा ते तराजू घेऊन बसले. नाणं हातोहात फिरताना झिजतं, म्हणून शेकड्यांनी नाणी एकेक करून तोलली तर त्या वजनांच्या सांख्यिकीतून ती चलनात किती काळ फिरली ह्याचा अंदाज येतो. सूत्र कागदावर होतंच, पण त्यात घालायचे आकडे स्वतः तोलून काढावे लागले. प्रयोगाला कंटाळणाऱ्या गणिताच्या मुलांना मी त्यांचं उदाहरण नेहमी देते.

'हवेचा रोध नगण्य माना' हे वाक्य पुस्तकात इतक्या वेळा येतं की तो एखादा नियमच वाटू लागतो. आमच्या परसात उंच माड आहेत. पंधरा मीटरांवरून नारळ सुटला तर पावणेदोन सेकंदांत खाली येतो. हवा नाही असं धरलं तर जमिनीशी त्याचा वेग सेकंदाला १७ मीटर निघतो. दीड किलोच्या नारळाला हवा धरून ढोबळ हिशेब केला तर वेग साधारण एक मीटरनं कमी भरतो. म्हणजे हवा सोडली तरी फार बिघडत नाही. पण त्याच माडाचं वाळकं चुडत (झावळी) गळतं ते हेलकावत, वळत, सावकाश. तिथं हवा सोडली तर उरतंच काय? काय धरायचं आणि काय सोडायचं हा निर्णय गणित सुरू होण्याआधी घ्यावा लागतो, आणि तो तुमचा तुम्हाला घ्यावा लागतो. प्रमेयात गृहीतकं छापून दिलेली असतात, तशी ती इथं मिळत नाहीत.

आता इंटिग्रेशनकडे येते, कारण सगळ्यात जास्त मुलं इथं बुडतात. मला कुठलंही इंटिग्रल द्या, सोडवून देत असे. पण चाचणीत प्रश्न आला : गोल विहिरीतलं पाणी काठापर्यंत उपसायला किती कार्य करावं लागेल? मी कोऱ्या कागदाकडे बघत बसले. इंटिग्रल दिलेलंच नव्हतं, ते मला मांडायचं होतं. गणितात डीएक्स हे माझ्या लेखी शेवटी लिहायचं एक चिन्ह होतं, कशाच्या सापेक्ष ते सांगणारं. भौतिकशास्त्रात ती एक पातळ चकती असते, तिला जाडी असते, वजन असतं.

त्या दिवाळीत मी आमच्याच विहिरीवर तो प्रश्न सोडवला. बाबांना विचारलं, "ह्या विहिरीत मे महिन्यात पाणी किती खोल असतं?" ते म्हणाले, "काठापासून चार मीटरांवर लागतं, सातवर तळ." त्रिज्या दीड मीटर. काठापासून झेड खोलीवर पाण्याची एक पातळ चकती डोळ्यांसमोर आणली. तिचं क्षेत्रफळ ७.०७ चौरस मीटर, म्हणून तिचं वस्तुमान ७,०७० गुणिले डीझेड किलो. ती झेड मीटर वर आणायची, म्हणून ९.७८ नं आणि झेडनं गुणायचं. मग चारपासून सातपर्यंतच्या सगळ्या चकत्यांची बेरीज. उत्तर आलं सुमारे ११ लाख ४० हजार ज्यूल.

इथं गणिताची मुलं पेन खाली ठेवतात. मीही ठेवलं असतं, पण बाबांनी विचारलं, "म्हणजे किती?" छत्तीस लाख ज्यूल म्हणजे विजेचं एक युनिट. तेव्हा आमच्या विहिरीतलं २१ घनमीटर पाणी काठापर्यंत आणायला एक तृतीयांश युनिटाहूनही थोडं कमी पुरतं. पंप काही सगळी वीज पाण्याला देत नाही, म्हणून प्रत्यक्षात बिलावर त्याच्या दुप्पट-तिप्पट. बाबांनी मान डोलवली, त्यांच्या अंदाजात ते बसत होतं. दुसरी पडताळणी आणखी सोपी : सगळं पाणी सरासरी साडेपाच मीटरांवर आहे असं धरून गुणाकार करा, तेच उत्तर येतं. उत्तर आलं की त्याला असं दोन बाजूंनी दाबून बघायची सवय लावून घ्या. एकक जुळतं का, आकडा पटण्यासारखा आहे का, विहिरीत पाणीच नसेल तर उत्तर शून्य येतं का.

अक्षरांचा घोळ हा एक निराळाच त्रास. माझा कोल्हापूरचा आतेभाऊ लहानपणी सुटीत आला होता. शेजारचा मुलगा त्याला फुलपाखरू दाखवत कोकणीत ओरडला, "पळय, पळय!" हा धूम पळत सुटला. कोकणीत त्याचा अर्थ 'बघ'. लिपी तीच, शब्द ओळखीचा, अर्थ मात्र दुसरा. गणित आणि भौतिकशास्त्र अगदी असेच शेजारी आहेत. गोलीय निर्देशांकांत गणिताच्या बऱ्याच पुस्तकांत थीटा हा आडवा फिरणारा कोन असतो आणि फाय हा उभ्या अक्षापासून मोजलेला. भौतिकशास्त्रात नेमकं उलट. अंतर्गुणनात गणितवाले सहसा पहिल्या जागी रेषीय धरतात, क्वांटमवाले दुसऱ्या. हे एकदा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं की संपलं.

उष्मागतिकीतला घोळ मात्र खोल आहे, तिथं थांबून विचार करावा लागतो. गणितात फंक्शनचं नाव त्याच्या चलांशी बांधलेलं असतं, चल बदलले की फंक्शन बदललं. भौतिकशास्त्रात यू म्हणजे आंतरिक ऊर्जा, मग ती एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचं माप) आणि आकारमान (व्ही) ह्यांवर लिहा की तापमान आणि आकारमान ह्यांवर. अक्षर एकच, कारण वस्तू एकच : डब्यातल्या वायूची ऊर्जा. म्हणून 'यूचं व्हीच्या सापेक्ष आंशिक अवकलन किती?' हा प्रश्नच अर्धवट आहे. एन्ट्रॉपी स्थिर ठेवली तर उत्तर उणे दाब. तापमान स्थिर ठेवलं तर आदर्श वायूसाठी शून्य. कंसाखाली बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं, ते मी शोभेचं समजून गाळत होते, आणि त्या पेपरात माझे सर्वांत जास्त मार्क तिथंच गेले. ते बारीक अक्षर म्हणजे पिस्टन कसा हलवला, भिंतीतून उष्णता जाऊ दिली की नाही, त्याची हकीकत असते. ती आधी वाचायची.

क्वांटमबद्दल एक सावधगिरीची सूचना. सदिश अवकाश, ऑपरेटर, आयगेनव्हॅल्यू दिसले की गणिताच्या मुलांना घरी आल्यासारखं वाटतं आणि ती तिथंच रमतात. यांत्रिकी, विद्युत मंडलं, उष्मागतिकी मागं पडतात. उतारावरच्या ठोकळ्यावर कुठली बलं कुठल्या दिशेनं लागतात हे बाण काढून दाखवता येत नसेल, तर हिल्बर्ट अवकाश (क्वांटममधलं सदिश अवकाश) तुम्हाला वाचवणार नाही. आकृती काढायला लाजू नका. प्रत्येक प्रश्नाला काढा, सोपा असला तरी.

आणि काटेकोरपणाची जी ओढ तुमच्यात आहे, ती कृपा करून मारून टाकू नका. भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकनं डेल्टा फंक्शन (एका बिंदूशिवाय सगळीकडे शून्य, तरी एकूण क्षेत्रफळ एक) १९२०च्या दशकाच्या अखेरीस वापरायला घेतलं. गणिताच्या नेहमीच्या व्याख्येत ते फंक्शनच नव्हतं. त्याला पक्का पाया गणितज्ञ लोरां श्वार्ट्झनं १९४०च्या दशकात दिला आणि १९५० साली त्यासाठी त्याला फील्ड्स पदक मिळालं. मूलकणांमधल्या बलांमागच्या यांग-मिल्स सिद्धान्ताला तसा गणिती पाया देणं हे क्ले गणित संस्थेनं २००० साली जाहीर केलेल्या सात प्रश्नांपैकी एक आहे, दहा लाख डॉलर लावून, आणि ते अजून कुणाला जमलेलं नाही. म्हणजे वर्गात तुम्हाला जे खटकतं ते पुष्कळदा खरंच खटकण्यासारखं असतं. फक्त त्यासाठी समोरचं पान अडवून धरू नका. मी एक वेगळी वही ठेवली होती, 'पटलं नाही' नावाची. खटकलेलं तिच्यात लिहायचं, तारीख घालायची आणि प्रश्न सोडवत पुढं जायचं. अर्ध्याहून अधिक नोंदी पुढच्या वर्षी आपोआप सुटल्या. उरलेल्या घेऊन मी पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसायची, तिथं दुपारी निवांत जागा मिळते.

प्रश्न विचारण्याची पद्धतही बदलावी लागली. "हे सिद्ध कसं करायचं?" असं विचारलं की सर म्हणायचे, "ते गणितात बघ." एकदा मी विचारलं, "सर, हे कुठं मोडेल?" ते थबकले. मग व्हरांड्यात उभं राहून अर्धा तास बोलले. कुठल्या कोनाला, कुठल्या तापमानाला, किती वेगाला हे सूत्र सोडून द्यावं लागतं, सगळं. त्यांना हाच प्रश्न आवडत होता, आणि खरं तर मलाही हाच विचारायचा होता.

वर्ग सुरू व्हायला अवकाश असेल तर एवढं करा. दाराच्या चौकटीला ९९ सेंटिमीटरचा दोरा टांगा, खाली काहीतरी लहान आणि जड बांधा, कुलूपसुद्धा चालेल. वीस आंदोलनांना चाळीस सेकंद लागायला हवेत. दहा अंशांवरून करा, मग वीसवरून, मग पंचेचाळीसवरून, प्रत्येकी पाच वेळा, आणि पाचही आकडे लिहा, आवडलेला एकच नको. लांबी मोजताना दोरा टांगलेल्या बिंदूपासून वजनाच्या मध्यापर्यंत मोजा. गाठीपर्यंत मोजलंत तर उत्तर चुकेल, आणि किती चुकेल तेही काढून बघा.