पेंड्युलमवर एरर शिकवायचा असेल तर ९.८ फळ्यावर लिहू नका

अकरावी फिजिक्सच्या पहिल्याच धड्यात एरर, म्हणजे मोजमापातली अनिश्चितता, येतो, दोन-तीन लेक्चरमध्ये उरकतो, आणि मुलांच्या लक्षात राहतं ते इतकंच की गुणाकार-भागाकार असला की टक्के मिळवायचे आणि वर घात असला की त्याने गुणायचं. जेईई-नीटच्या क्लासला जाणारी मुलं तर असली गणितं बघता बघता सोडवतात. पण त्याच मुलाच्या हातात लॅबमध्ये स्टॉपवॉच द्या आणि विचारा की तू आत्ता जो वेळ मोजलास तो किती इकडेतिकडे असू शकतो, तर तो नुसता बघत राहतो, कारण हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नसतो. आणि जर्नल उघडलं की जी ची, म्हणजे पेंड्युलमवरून काढायच्या गुरुत्वीय त्वरणाची, व्हॅल्यू मात्र ९.८ किंवा ९.८१, एकदम नेटकी, कुठे खाडाखोड नाही. ती कशी आली ते फिजिक्स शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, उत्तर आधी ठरलं आणि रीडिंग मागाहून लिहिली गेली.

माझं म्हणणं असं आहे की मुलं ठरलेल्या उत्तराकडे डोळे लावून बसलीयत तोपर्यंत एरर शिकवताच येत नाही. ते उत्तर बाजूला ठेवलं की मग रीडिंगकडे बघण्याशिवाय त्यांना पर्याय राहत नाही, आणि खरं शिकणं तिथे सुरू होतं. ठाण्यात अकरावीच्या बॅचेसना मी हे ज्या पद्धतीने घेते ते सांगतेय, नववी-दहावीलासुद्धा चालेल, फक्त शेवटचं टक्क्यांचं गणित गाळा.

साहित्य नेहमीचंच. स्टँड, स्प्लिट कॉर्क (दोरा पकडून ठेवणारं चिरलेलं बूच), दोरा, बॉब (दोऱ्याला टांगलेला गोळा), मीटरपट्टी. लांबी एक मीटर ठेवा, कॉर्कच्या कडेपासून बॉबच्या मध्यापर्यंत. जी हे अक्षर फळ्यावर येऊ देऊ नका, फॉर्म्युलासुद्धा नाही. फक्त एवढंच सांगा की आज आपण वीस ऑसिलेशनना, म्हणजे जाऊन-येऊन पूर्ण झोक्यांना, किती वेळ लागतो ते मोजायचंय. पंखे बंद करा. ऑक्टोबरच्या ठाण्यात पंखे बंद म्हटल्यावर मुलं कुरकुरणार, पण वाऱ्याने बॉब गोल फिरायला लागतो आणि मग कशाचा काय परिणाम ते वेगळं काढता येत नाही.

आता महत्त्वाचं. प्रत्येक ग्रुपला वेगळा पेंड्युलम देऊ नका. एकच पेंड्युलम टेबलावर, आणि पाच-सहा जणांनी एकाच वेळी तोच मोजायचा, आपापल्या स्टॉपवॉचवर (मोबाईलला परवानगी असेल तर मोबाईलवर, त्यात सेकंदाचा शंभरावा भाग दिसतो तो पुढे कामाला येतो). एकमेकांना सांगायचं नाही, चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे. मग मी चिठ्ठ्या उघडून आकडे फळ्यावर जसेच्या तसे लिहिते. साधारण असं काहीतरी येतं: ४०.०५, ४०.२२, ४०.१८, ३९.९८, ४०.३७, आणि एखादा ३८.१४.

फळ्यावर आकडे आले की पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, बरोबर कुणाचं?" इथे गप्प राहायचं. मुलांनाच उलट विचारा, पेंड्युलम एकच होता, झोकेही तेच होते, घड्याळं चांगली आहेत, मग आकडे वेगळे का? कुणी म्हणेल याचं बोट उशिरा दाबलं गेलं, कुणी म्हणेल मी मागच्या बाकावरून तिरकं बघत होतो. सगळं फळ्यावर लिहा. हे सगळं होत असताना कुणीही गाढवपणा केलेला नाही, सगळ्यांनी नीटच मोजलंय आणि तरी आकडे पसरलेत, हे मुलांच्या तोंडून येऊ दे, आपण बोलायची घाई करू नका.

तो ३८.१४ मात्र वेगळ्या जातीचा आहे. बाकी सगळ्यांपेक्षा तो जवळजवळ दोन सेकंदांनी कमी आहे आणि एका ऑसिलेशनला वेळच दोन सेकंदांचा लागतो, म्हणजे या मुलाने एकोणीसच मोजली. बटण दाबताना त्याने "एक" म्हटलं, म्हणायला हवं होतं "शून्य". दर बॅचला असं कुणीतरी निघतंच, आणि कारण मुलं स्वतः शोधतात तेव्हा मला फार बरं वाटतं. हे रीडिंग खोडरबरने पुसायचं नाही, एक रेघ मारायची आणि शेजारी लिहायचं, मोजणी शून्यापासून केली नाही. कारण सापडलं तर रीडिंग बाद करता येतं, नुसतं आवडलं नाही म्हणून बाद करता येत नाही, हा फरक इथेच सांगून टाका.

मग उरलेल्या पाचांची सरासरी, ४०.१६. प्रत्येक रीडिंग सरासरीपासून किती लांब: ०.११, ०.०६, ०.०२, ०.१८, ०.२१. त्यांची सरासरी ०.१२ च्या आसपास, हाच पुस्तकातला मीन अ‍ॅब्सोल्यूट एरर. आता मोबाईल दाखवा आणि विचारा, स्क्रीनवर तर ०.०१ सेकंदापर्यंत दिसतंय, मग आपला एरर ०.०१ का नाही? लीस्ट काउंट (उपकरणावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप) म्हणजेच एरर असं मुलांच्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं, आणि व्हर्निअर कॅलिपरच्या बाबतीत ते बरंचसं चालूनही जातं, पण इथे बोट स्टॉपवॉचपेक्षा दहापटीने ढोबळ आहे. वेळ असेल तर पट्टी सोडून पकडायचा खेळ घ्या, वीस सेमीवर पट्टी पकडली म्हणजे रिअ‍ॅक्शन टाइम साधारण ०.२ सेकंद. पण हा ०.२ थेट एरर म्हणून घेऊ नका, कारण पेंड्युलम कधी येणार ते आपल्याला दिसत असतं, बोट आधीच तयार असतं, आणि सुरुवातीचा उशीर शेवटच्या उशिराने बराचसा कापला जातो. म्हणून अंदाजाने ०.२ धरण्यापेक्षा वर्गाच्या रीडिंगचा पसारा मोजलेला कधीही चांगला.

वीसच ऑसिलेशन का, ते यानंतर आपोआप कळतं. ०.१२ सेकंदांचा एरर वीस ऑसिलेशनमध्ये वाटला गेला की एका ऑसिलेशनच्या वाट्याला ०.००६ येतो, म्हणजे २.००८ ± ०.००६ सेकंद. एकच ऑसिलेशन मोजलं असतं तर तोच ०.१२ सगळा त्या दोन सेकंदांवर बसला असता, सहा टक्के. हा हिशेब मुलांनाच करायला लावा. कुणीतरी म्हणतं मग शंभर मोजू, आणि मोजू द्या की, मध्येच मोजणी चुकते आणि झोका लहान होत जातो हे त्यांना स्वतःच दिसतं.

आता कुठे फळ्यावर फॉर्म्युला लिहायचा, g = 4π²L/T² (L लांबी, T एका ऑसिलेशनचा वेळ). लांबी १००.० सेमी, त्यात मी ०.२ सेमी एरर धरते, कारण पट्टीवर मिलिमीटर असला तरी कॉर्कची कड आणि बॉबचा मध्य नक्की कुठे हे मिलिमीटरपर्यंत कुणालाच सांगता येत नाही. म्हणजे लांबीचा एरर ०.२ टक्के. वेळेचा ०.३, पण वेळेचा वर्ग आहे म्हणून ०.६. एकूण ०.८ टक्के. जी येतो ९.७९ ± ०.०८ मीटर प्रति सेकंद वर्ग. (असे टक्के सरळ मिळवणं ही सगळ्यात वाईट परिस्थितीची बेरीज, पुढे बीएस्सीला वर्ग करून मिळवून मूळ काढतात, हुशार मुलांना एवढं सांगून ठेवा, बोर्डाला मात्र सरळ बेरीजच.)

कॅल्क्युलेटर ९.७९११ आणि पुढे बरंच काही दाखवत असतो आणि मुलं ते सगळं उतरवतात. तिथे मी आपल्याच स्टेशनचं उदाहरण देते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, अंतर २१ मैल. किलोमीटर करा म्हटलं की वर्ग ओरडतो ३३.७९६. मग विचारायचं, २१ मैल लिहिणाऱ्याने मीटरपर्यंत मोजलं होतं का? नाही ना, मग ३४ लिहा. आपल्या जी मध्ये दुसऱ्या दशांशातच ०.०८ ची शंका आहे, तर तिसरा-चौथा दशांश कुठल्या तोंडाने लिहिणार.

आता सगळ्यात मजेशीर भाग. पुस्तकात ९.८ असतो, कुठे ९.८१, आणि जगभर मान्य केलेली स्टँडर्ड व्हॅल्यू आहे ९.८०६६५. पण जी सगळीकडे सारखा नसतोच, विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवावर ९.८३, आणि आपल्या १९ अक्षांशावर, समुद्रसपाटीला, साधारण ९.७९. म्हणजे ठाण्यातला जो मुलगा रीडिंग ओढूनताणून ९.८१ करतो तो खऱ्या उत्तरापासून लांब जातोय! हे ऐकल्यावर वर्गात जी शांतता होते ती मला हवी असते. आणि लगेच पुढचा प्रश्न, आपल्या ± ०.०८ ने ९.७९ आणि ९.८१ यातला फरक ओळखता येईल का? नाही येणार, दोन्ही आत बसतात. आमच्या उपकरणाने यापुढचं सांगता येत नाही, असं जर्नलमध्ये लिहिणाऱ्या मुलाला मी पूर्ण मार्क देते.

इथपर्यंत पसाऱ्याचा एरर झाला. दुसरा प्रकार, सिस्टेमॅटिक, म्हणजे सगळी रीडिंग एकाच बाजूला सरकवणारा, नुसता सांगून कळत नाही, तो दाखवावा लागतो. आता मात्र ग्रुपना वेगळे पेंड्युलम द्या, लांबी तीच, आणि एका ग्रुपला गुपचूप सांगा की बॉब ३० अंशांपर्यंत ओढून सोडा, बाकीचे ५ अंशांवर. मोठ्या झोक्याला वेळ जास्त लागतो, ३० अंशांवर सुमारे १.७ टक्के, झोका कमी होत जातो म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी. त्या ग्रुपची वीस ऑसिलेशन ४०.८ च्या आसपास येतात आणि जी ९.५ कडे जातो. गंमत म्हणजे त्यांची रीडिंग आपसात छान जुळतात, पसारा बाकीच्यांइतकाच. त्यांना आणखी पाच रीडिंग घ्यायला सांगा, सरासरी जागची हलत नाही. रीडिंग वाढवून हा एरर जात नाही, पद्धतच तपासावी लागते, हे त्यांना कायमचं कळतं. व्हर्निअरचा झिरो एरर (जबडे मिटले तरी शून्य न दाखवणं) याच घरातला, आणि बॉबच्या मध्याऐवजी खालच्या टोकापर्यंत लांबी मोजणं हेही, दोन सेमी व्यासाच्या बॉबला त्यात सरळ एक टक्का जातो.

इथे न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांची हकिकत जरूर सांगा. सप्टेंबर २०११ मध्ये ओपेरा प्रयोगाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटरवर इटलीत ग्रान सासोच्या प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचतायत. त्यांनी सांगितलेला एरर १० नॅनोसेकंदांच्या आसपास होता, म्हणजे पसाऱ्याने हे झाकलं जात नव्हतं. २०१२ मध्ये कारण सापडलं, एक फायबर ऑप्टिक केबल नीट बसलेली नव्हती. एवढ्या मोठ्या लोकांचीसुद्धा केबल सैल असू शकते, आणि तरी त्यांनी आकडा आला तसाच जगापुढे ठेवला म्हणून ती सापडली, हे मुलांना मनापासून पटतं.

स्क्रू गेजबद्दल (तारेची जाडी मोजायचं उपकरण) फार लिहीत नाही. एकच गोष्ट करून घ्या: ०.५० मिमीची तार, लीस्ट काउंट ०.०१, म्हणजे दोन टक्के, आणि आकारमानात व्यासाचा वर्ग म्हणून चार. लांबी मीटरपट्टीने मोजली तरी तिचा एरर ०.१ टक्का. तारेची लांबी आणखी काटेकोर मोजत बसण्यात काही अर्थ नाही हे मुलांनी स्वतः सांगायला हवं.

मार्कांचं काय, हा खरा अडचणीचा प्रश्न, कारण उत्तरावर मार्क ठेवलेत तर मुलं उत्तरच बनवणार. मी उत्तराच्या व्हॅल्यूला मार्क ठेवतच नाही. रीडिंग पेनने लिहिलेली, बाद केलेल्यांसह, त्याला मार्क. ± कुठून आला ते दोन ओळीत, त्याला मार्क. आणि व्हायवाला एक प्रश्न सगळ्यांना सारखा, उद्या हेच पुन्हा करायचं असेल आणि एकच गोष्ट सुधारता येत असेल तर कुठली सुधारशील? वरच्या आकड्यांवरून उत्तर स्पष्ट आहे, लांबीचे ०.२ टक्के आणि वेळेचे ०.६, म्हणजे मीटरपट्टी बदलून उपयोग नाही, ऑसिलेशन पन्नास घ्या. ज्याने रीडिंग शेजाऱ्याकडून उतरवलीयत त्याला हे सांगता येत नाही, आणि ज्याने स्वतः मोजलंय तो जर्नल न उघडता सांगतो.